भाल्याची लांबी



मार्गशीर्षी पौर्णिमेस तापीच्या कांठीं सारंगखेड्यास दत्ताची यात्रा भरते. आमच्या नंदुरबार जिल्ह्यांतील ही यात्रा तिच्यांतल्या घोड्यांच्या बाजाराबद्दल दूरदूरच्या प्रांतांत प्रसिद्ध आहे. मी घोडा घेणारा नव्हे आणि विकणारा तर नव्हेच. तरी जमेल त्या वर्षीं तेथें जातों, कारण घोडा दिसला म्हणजे मला भाला आठवतो. ही इतिहास शिकविणाऱ्या मास्तराची खोड होय.

मराठ्यांच्या इतिहासाचा तास घेतांना मी मुलांना मोठ्या अभिमानानें सांगत असें कीं, आपले पूर्वज चौदा-चौदा फुटांचे भाले धांवत्या घोड्यावरून एका हातानें पेलीत. ह्यावरून त्यांचें मनगट केवढें असेल तें ओळखा. मुलें आपापल्या मनगटांकडे पाहत आणि ओशाळत. एके वर्षीं मागल्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, मग त्यांनीं वीस फुटांचा कां नाहीं केला?" वर्ग हंसला. मीं त्यास खालीं बसविलें. खरें सांगावयाचें तर प्रश्न शहाणा होता आणि उत्तर मजपाशीं नव्हतें. आज मी जें बोलणार आहें तें त्या मुलास फार उशिरां दिलेलें उत्तर आहे.

मराठी मुलुख आणि भाला ह्यांचें नातें जुनें आहे. दुसरा पुलकेशी राज्य करीत असतां, इ. स. ६४१ च्या सुमारास, ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू महाराष्ट्रांत आला. येथील लढवय्यांविषयीं त्यानें असें लिहून ठेवलें आहे कीं, हे वीर मद्य घेऊन रणांत उतरतात, आणि मग हातीं भाला घेतलेला एकटा पुरुष दहा हजारांस सामोरा जातो. दहा हजारांचा आंकडा आपण यात्रेकरूच्या पदरचा म्हणून सोडून देऊं. पण त्या परक्या माणसाच्या ध्यानांत तलवार राहिली नाहीं, भाला राहिला, ही गोष्ट सोडून देण्याजोगी नाहीं.

त्यानंतर सुमारें बाराशें वर्षांनीं दुसऱ्या एका परक्यानें तेंच लिहिलें. जेम्स ग्रांट डफ हा साताऱ्यास इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. मराठा स्वारांपैकीं कांहींजण बंदुका बाळगीत, ढाल-तलवार तर असेच. परंतु भाला हें त्यांचें खरें राष्ट्रीय शस्त्र असून तें चालविण्यांत व घोडा फिरविण्यांत त्यांचें कौशल्य व डौल दोन्ही दिसून येत, असा त्याचा अभिप्राय आहे. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या १८४१ सालच्या हिंदुस्थानच्या इतिहासांत ह्याच भाल्याची लांबी चौदा फुटांच्या घरांत दिलेली आढळते आणि दांडा वेळूचा असल्याचें सांगितलेलें आहे. पेंढाऱ्यांच्या टोळ्यांविषयीं जे अहवाल कंपनी सरकारकडे गेले, त्यांत त्यांच्या वेळूच्या भाल्यांचें माप बारापासून अठरा फुटांपर्यंत आहे. आपल्या हिशेबानें, दीड फुटाचा हात धरला तर, हें आठ हातांपासून बारा हातांपर्यंत झालें.

आतां एक मौजेची गोष्ट पाहा. ग्रांट डफ स्कॉटलंडच्या उत्तर भागांतील बँफ गांवचा. एल्फिन्स्टनही जन्मानें स्कॉचच. म्हणजे मराठ्यांच्या भाल्याची वाखाणणी ज्यांनीं जगास सांगितली ते दोघेही अशा देशाचे पुत्र होते, कीं ज्या देशाचें नशीब दोन-तीनदां लांब भाल्यावरच ठरलें होतें. ह्या योगायोगामुळें मीं स्कॉच लोकांच्या भाल्याविषयीं मिळेल तें वाचावयास आरंभ केला, आणि तेथेंच माझ्या गैरसमजाचा पाया ढांसळला.

स्कॉटलंड हा डोंगराळ व गरीब देश. चिलखती स्वारांची मोठी फौज उभारण्याचें त्याचें सामर्थ्य नव्हतें. शेजारीं इंग्लंडापाशीं तशी फौज होती. तेव्हां स्कॉच लोकांनीं पायदळाच्या हातीं लांब भाले दिले आणि माणसें खांद्यास खांदा लावून उभीं केलीं. ह्या दाट व्यूहास ते शिल्ट्रन म्हणत. साळूच्या अंगावर जसे चोहोंकडे कांटे, तसे त्या व्यूहाबाहेर भाले. १२९८ सालीं फॉलकर्कच्या रणांत विल्यम वॉलेसचे असे व्यूह इंग्रज स्वारांना फुटले नाहींत. पण मग राजा एडवर्डानें तिरंदाज पुढें आणले, आणि जागचे न हलणारे ते भालाईत उभ्या जागीं पडले. १३१४ सालीं बॅनॉकबर्नच्या रणांत रॉबर्ट ब्रूसनें तेच व्यूह चालते केले, अडचणीच्या जागीं शत्रूस गांठलें, आणि आपल्यापेक्षां मोठ्या सैन्याचा मोड केला. भाले तेच, माणसें त्याच जातीचीं. फरक जागेचा व चालीचा.

पुढें तर भाल्याची लांबी हा तेथें कायद्याचा विषय झाला. १४७१ सालीं स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें ठराव केला कीं, सहा एलपेक्षां आंखूड भाला कोणीं करूं नये व परदेशांतून आणूंही नये. स्कॉच एल म्हणजे सदतीस इंच. तेव्हां सहा एल म्हणजे साडेअठरा फूट झाले. राजानें आपल्या प्रजेचें मनगट मोजून हा आंकडा काढला होता काय? मुळींच नाहीं. समोरच्या स्वाराच्या भाल्यापूर्वीं आपलें टोंक त्याच्या घोड्याच्या छातीस भिडावें, आणि मागल्या ओळींतील भाल्यांचीं टोंकेंही पुढल्या माणसांच्या बाहेर निघावींत, एवढाच त्यांतला हिशेब. असा भाला दोन्ही हातांनीं धरावा लागतो. तो घेऊन वळतां येत नाहीं, एकट्यानें लढतां येत नाहीं, आणि शेजारचा पळाला तर आपला भाला म्हणजे केवळ ओझें. १५१३ सालच्या सप्टेंबरांत फ्लॉडन येथें चौथा जेम्स राजा हे लांब भाले घेऊन टेंकडीवरून उतरला. पायथ्याशीं दलदलीचा ओहोळ होता. तेथें रांगा विसकटल्या. इंग्रज पायदळाच्या हातीं बिल नांवाचें सात-आठ फुटांचें हत्यार होतें. मूळचें तें कुंपण छाटावयाचें शेतकऱ्याचें अवजार, लांब दांड्यावर बाकदार पातें. त्या आंखूड हत्यारानें अठरा फुटांचे भाले तोडले गेले आणि राजा स्वतः रणांत पडला. लांबी म्हणजे बळ, असें मानणाराला फ्लॉडनचा दिवस समजणारच नाहीं.

आतां आपल्याकडे या. पेंढाऱ्याचा अठरा फुटी भाला आणि स्कॉच पायदळाचा साडेअठरा फुटी भाला, माप जवळजवळ एक. परंतु एक जमिनीवर दोन्ही हातांनीं धरलेला, दुसरा घोड्यावर एका हातानें. कारण स्वाराचा एक हात लगामास लागतो. मग हें साधलें कसें?

उत्तर वेळूच्या बेटांत आहे. युरोपांत भाल्याचा दांडा अ‍ॅश नांवाच्या झाडाच्या लांकडाचा करीत. तें लांकूड चिवट खरें, पण सगळें भरीव, आणि रंध्यानें ताशीत ताशीत गोल करावें लागतें. लांबी वाढवावी तसें वजन वाढतें व टोंक खालीं झुकतें. वेळूचें तसें नाहीं. तो निसर्गतःच बुडाशीं जाड व शेंड्याकडे निमुळता असतो. बूड मागें ठेवून शेंड्यास पातें बसविलें, म्हणजे जड भाग आपोआप हाताजवळ येतो आणि टोंक हलकें राहतें. त्याच्या पेरापेरावरच्या गांठी म्हणजे जणूं कारागिरानें आंतून ठोकलेल्या पट्ट्याच. त्या त्यास चिरूं देत नाहींत. शिवाय त्याची साल हीच त्याची सर्वांत कठीण जागा, म्हणून त्यास ताशावयाचें नसतें. तासला कीं नासला. भाल्यास सगळाच वेळू चालत नाहीं. ज्याचें पोट जवळजवळ भरलेलें असतें, ज्यास इंग्रज लोक नर-वेळू म्हणत, तोच घ्यावा लागतो. खालच्या टोंकास लोखंडी शेंबी, वरच्या टोंकास पोलादी फळ, झाला भाला. त्यास लागणारें लोखंड थोडें आणि खर्चही थोडा. ज्या शिलेदारास स्वतःच्या पदरचें घोडें व हत्यार घेऊन चाकरीस यावें लागे, त्याच्या दृष्टीनें ही लहान गोष्ट नव्हती.

वेळूच्या हलकेपणाचें उत्तम चित्र ग्रांट डफच्याच ग्रंथांत आहे. निजामानें आपल्या चिताऱ्यास पहिल्या बाजीरावाच्या छावणींत पाठविलें व ज्या स्थितींत तो प्रथम दृष्टीस पडेल त्या स्थितींत त्याची तसबीर काढण्यास सांगितलें. तसबीर आली ती अशी: पेशवा साध्या स्वारासारखा घोड्यावर बसला आहे, घोड्याचा लगाम सैल सोडला आहे, भाला खांद्यावर टेंकला आहे, आणि दोन्ही हातांनीं जोंधळ्याचें कणीस चोळून तो दाणे खात चालला आहे. ही आख्यायिका मीं शाळेंत शेंकडों वेळां सांगितली. बाजीरावाचा साधेपणा दाखविण्यासाठीं सांगितली. भाल्याकडे माझें लक्ष कधीं गेलेंच नाहीं. जो भाला नुसता खांद्यावर टेंकून दोन्ही हात मोकळे ठेवतां येतात, तो वजनानें किती असेल? स्कॉच पायदळाचा भाला खांद्यावर टाकून कोणी कणीस चोळून दाखवावें! १७२८ सालीं पालखेडच्या मोहिमेंत ज्या वेगानें मराठ्यांच्या स्वारांनीं निजामास दमविलें, त्या वेगास असेंच हत्यार लागतें. पन्नास-पन्नास मैलांच्या दौडींत जें खांद्यास बोचत नाहीं व घोड्यास जाणवत नाहीं.

अशा भाल्याचा सराव बोथाटीनें होत असे. बोथाटी म्हणजे टोंकाशीं कापडाचा बोंडा बांधलेली भाल्याची काठी. दोन स्वार परस्परांवर घोडे घालीत आणि एकमेकांस टोंचण्याचा डाव खेळत. भाला चालविण्याचें कसब मनगटाच्या जोरांत नसून घोडा ऐन क्षणीं वळविण्यांत आहे, हें ह्या खेळांत पोरास पहिल्याच दिवशीं कळत असलें पाहिजे. तें मला मात्र पेन्शन घेतल्यावर कळलें. ह्याखेरीज विटा नांवाचा एक प्रकार मराठ्यांचा म्हणून ओळखला जातो. तो आंखूड, त्याच्या दांड्यास दोरी. दोरीचें दुसरें टोंक मनगटास. फेंकावा, आणि हिसडा देऊन परत ओढून घ्यावा. कोल्हापूरकडील मर्दानी खेळांत विटा फिरविणारे आजही पाहावयास मिळतात. लांब भाला हातचा गेला कीं स्वार निःशस्त्र होतो. ती उणीव दोरीनें भरून काढण्याची ही युक्ति.

परंतु लांब भाल्यास मोकळें रान लागतें. तापीच्या थडीवरून उत्तरेस शहाद्याकडे, तेथून धडगांव-अक्कलकुव्याकडे वर चढूं लागलें कीं तासा-दोन तासांतच हें ध्यानांत येतें. खालीं काळ्या मातीचीं सपाट शेतें. चौदा फुटांचा भाला घेऊन स्वार हवा तसा फिरेल. वर सातपुड्याच्या घाटांत तोच भाला पहिल्या फांदींत अडकेल. म्हणूनच सातपुड्याच्या भिल्ल बांधवांचें मुख्य हत्यार भाला नव्हे, तीरकामठा झालें. गंमत अशी कीं, द्रव्य मात्र एकच, वेळू! कामठा वेळूचा, आणि त्याची दोरीसुद्धां वेळूच्याच सालीच्या चिवट कामटीची. खालच्या मुलखानें वेळूचा भाला केला. वरच्यानें त्यालाच वांकवून धनुष्य केलें. सातपुड्यांत वेळूचा मान केवढा आहे, हें ज्यांनीं काठी येथील राजवाडी होळी पाहिली असेल त्यांस सांगावयास नको. तेथें होळीचा दांडा म्हणून रानांतून निवडून आणलेला उंच वेळूच उभा राहतो.

भिल्लांकडे दुसरें एक हत्यार आहे, तें धारिया. कोयत्यासारखें बाकदार पातें, आणि तें लांब काठीस बसविलेलें. गुरांसाठीं झाडाचा पाला पाडावयास तें कामाचें, रात्रीं वाटेनें एकटें जातांना सोबतीचें, आणि वेळ आलीच तर लढाईचें. स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखांत ह्याचा एक चुलत भाऊ आहे. त्यास लॉखेबरचा परशु म्हणतात. पांच-सहा फुटांचा दांडा, त्यावर हातभर लांबीचें रुंद पातें, आणि पाठीमागें एक आंकडा. एडिंबरो शहराचे पहारेकरी हें हत्यार घेऊन फिरत. तें पहारेकऱ्यांचें पथक १८१७ सालीं मोडलें. साडेअठरा फुटांचा भाला हें राजाच्या सैन्याचें शस्त्र. परशु हें डोंगरांतल्या माणसाचें. आमच्याकडेही चौदा फुटांचा भाला हें सरदारांच्या पागेचें शस्त्र आणि धारिया हें पाड्यावरच्या माणसाचें. मापांचा हा भेद दोन्ही देशांत एकाच कारणानें पडला: झाडी, चढण, आणि सोबतीस किती माणसें उभीं आहेत तें.

१८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला. १८२५ सालीं भिल्लांची पलटण उभारण्याचें काम ज्याच्याकडे आलें तो जेम्स औट्रम ॲबर्डीनला वाढलेला व तेथेंच शिकलेला. ह्या रानांत कवायती फौजेचा उपयोग होत नाहीं हें त्याच्या लौकर लक्षांत आलें. तो भिल्लांबरोबर शिकारीस जाई, त्यांच्यांत एकटा राही, आणि अशा रीतीनें त्यानें त्यांचा विश्वास संपादन केला. डुकराच्या शिकारीचा त्यास विलक्षण नाद होता. त्या शिकारीच्या भाल्याचेंही असेंच आहे. बंगाल्यांत उंच गवत, म्हणून तेथील साहेबलोक साडेसहा फुटांच्या आंतबाहेरचा, बुडाशीं शिसें भरलेला आंखूड भाला वरून खालीं खुपसण्यासाठीं वापरीत. मुंबई इलाख्यांत मोकळें माळरान, म्हणून येथें लांब भाला, आणि तो कांखेखालून समोर रोखून धरावयाचा. एकाच सरकारचे नोकर, एकच शिकार, एकच डुक्कर. पण गवत बदललें कीं भाल्याचें माप बदललें.

मग एवढा सोयीचा भाला हरला कोठें? ह्याचें उत्तर आपल्याला शोभणारें नसलें तरी सांगितलें पाहिजे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असई येथें, आतांच्या जालना जिल्ह्यांत, शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं वेलस्लीची लढाई झाली. वेलस्लीच्या पायदळांत ७४ वी व ७८ वी ह्या दोन स्कॉच हायलंडर पलटणी होत्या. पैकीं ७४ वी चुकून असई गांवाच्या रोखानें फार पुढें गेली. तोफांनीं तिची चाळण केली आणि त्यावर मराठ्यांचे स्वार तुटून पडले. ज्यांच्या पूर्वजांनीं फॉलकर्कला भाल्यांचा व्यूह रचला होता, तेच स्कॉच लोक येथें मराठ्यांच्या घोड्यांपुढें चौकोन करून उभे राहिले, आणि त्यांच्या हातीं भाला नव्हता, बंदूक होती. बंदुकीस संगीन लाविली म्हणजे तिची लांबी सुमारें सहा फूट होते. सहा फुटांनीं चौदा फुटांस थोपविलें, कारण त्या सहा फुटांच्या टोंकांतून गोळी सुटत होती, आणि स्थिर उभ्या असलेल्या संगिनींवर घोडा स्वतः होऊन जात नाहीं. ७४ वी पलटण जवळजवळ नाहींशी झाली हें खरें. कंपनीकडील स्वार मदतीस धांवले म्हणून उरलेले वांचले. परंतु दिवस वेलस्लीचा झाला.

शिंद्यांनीं स्वतः दी बॉयनच्या हाताखालीं कवायती पलटणी उभारण्यास १७८४ पासूनच आरंभ केला होता. त्या पलटणीही असईस मोठ्या नेटानें लढल्या. म्हणजे भाल्याचे दिवस भरत आले, हें आपल्यांतील चाणाक्ष पुरुषांनीं ओळखलें होतें. बाजीरावाची भाला-दौड सोडून आपण परक्यांची कवायत उचलली म्हणून राज्य बुडालें, असें म्हणणारे विद्वान आहेत. मला तें सर्वस्वी पटत नाहीं. दौडीनें शत्रूस उपाशी मारतां येतें, पण शत्रूपाशीं भरपूर रसद आणि चांगल्या तोफा असल्या म्हणजे केवळ दौडीनें भागत नाहीं.

भाला मात्र लगेच मेला नाहीं. इंग्रजांनीं आपल्या घोडदळांत भाला १८१६ सालीं घेतला, तो पोलंडच्या स्वारांचें पाहून. दांडा अर्थात् अ‍ॅशचा. पुढें १८६८ सालीं त्यांनीं अ‍ॅश सोडून हिंदुस्थानचा वेळू पत्करला, लांबी नऊ फूट एक इंच. मुबलक आणि एकसारखा चांगला वेळू मिळेना म्हणून कांहीं वर्षांनीं पुन्हां अ‍ॅश आला, ही गोष्ट निराळी. १९२७ सालीं लढाईचें शस्त्र म्हणून त्यांनीं भाल्यास रजा दिली. आतां दिल्लीस २६ जानेवारीस राष्ट्रपतींच्या अंगरक्षकांच्या हातीं तो पाहावा, किंवा भालेराव ह्या आडनांवांत आणि भालदार-चोपदार ह्या जोडशब्दांत तो ऐकावा.

गेल्या यात्रेंत मीं एका वेळूवाल्याकडून चौदा फुटांचा भरीव वेळू मोजून घेतला. "मंडपाला काय, गुरुजी?" असें त्यानें विचारलें. मीं कांहीं न बोलतां तो बुडाकडून तिसऱ्या हिश्शावर धरला व उचलला. माझ्यासारख्या साठी उलटलेल्या माणसाच्या एका हातांत तो आडवा राहिला, आणि टोंक फारसें झुकलें नाहीं. मग त्याच्याकडचा वीस फुटांचा उचलून पाहिला. तोही उचलला गेला. पण शेंडा इतका हेलकावूं लागला कीं, पलीकडच्या दावणीचा एक घोडा बुजला व त्याच्या मालकानें मला चार शब्द सुनावले.